शिवणीतली माया

घरी शिवणकाम करणाऱ्या माणसांच्या तोंडी एक शब्द इतका सहज येतो, की तो उच्चारताना आपण काही मोठे बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. कापड जमिनीवर अंथरलेले आहे, त्यावर खडूच्या रेघा ओढलेल्या आहेत, कात्रीने पहिला घास घ्यायचा तेवढा बाकी आहे, आणि पलंगाच्या कडेवर बसलेल्या सासूबाई सुनेला सांगतात, "अगं, रेघेवरून कापू नकोस, माया सोड." मापाची जी रेघ असेल तिच्या बाहेर कुठे अर्धा इंच, कुठे एक इंच, खालच्या घेराला दोन-तीन इंच कापड राखायचे, टीप पडेल रेघेवरून, आणि हे राखलेले कापड आत दुमडून जाईल, घालणाऱ्याला जाणवणार नाही आणि बघणाऱ्याला दिसणार नाही. त्या आतल्या पट्टीचे नाव माया. वेदान्त्यांनी जिच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले आणि आजीने जिच्या बळावर नातवंडे वाढवली, ती माया आपल्या भाषेने शिंप्याच्या कात्रीपाशीही नेऊन बसवली आहे. आज आपण तिथेच, त्या कात्रीपाशी, थोडा वेळ बसू.

मायेचा पहिला गुण असा, की ती मापात धरलेली नसते. छाती चोवीस, लांबी अठरा, बाही सहा, असे जे आकडे वहीत लिहिले जातात ते अंगाचे असतात, आणि माया त्या आकड्यांच्या पलीकडे, शिवणाऱ्याच्या मनात असते. म्हणूनच एकाच मापाचा झगा दोन घरी शिवला तर बाहेरून तो सारखा दिसतो आणि उलटा केला की दोन घरांचे दोन स्वभाव उघडे पडतात. एक विलक्षण गोष्ट जुने कपडे उलटून पाहणाऱ्याला कळते, ती अशी की ज्या घरात कापड बेताचेच येई त्या घरच्या शिवणीत माया अधिक असे. श्रीमंताला पुढच्या वर्षी नवा झगा शिवता येतो, त्याला आत कापड राखण्याचे कारण काय? पण जिथे एक झगा मोठीने दोन वर्षे, मधलीने दोन वर्षे आणि धाकटीने फाटेपर्यंत घालायचा असतो, तिथे आजची काटकसर करून उद्यासाठी काही ठेवावे लागते, आणि ते ठेवायची जागा तिजोरीत नसून शिवणीच्या आत असते. परकराच्या घेराला वर एक आडवी चूण घालून ठेवायची, त्याला टक म्हणत. मुलीने उंची घेतली की टक उसवायची, परकर चार बोटे खाली उतरे. उसवलेल्या त्या जागी कापडाचा मूळ रंग दिसे, धुऊन-वाळवून फिकट झालेल्या परकरावर गडद निळी एक पट्टी; आणि शाळेत कुणी ती पाहून हसलेच, तरी त्या पट्टीत आपल्या आईने तीन वर्षांपूर्वीच आपली आजची उंची गृहीत धरली होती, हे हसणाऱ्याला कुठून कळणार?

इंदुरात बसून कापडावर बोलावे यात तसे काही नवल नाही. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, इथे संस्थानची कापडगिरणी उभी राहिली. पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्यांच्या चिमण्या उठल्या, आणि राजवाड्याच्या आसऱ्याने महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट वाढले, जिथे आजही ठाणांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागते. हुकुमचंद गिरणी डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली आणि एकामागून एक भोंगे थांबले. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या नावाने झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या थांबल्या नाहीत. गिरणीत सूत निघत नाही, पण गिरणीची झांकी निघते, ही इंदूरची शतकभराची निष्ठा कोणत्या हिशेबात बसवायची ते अर्थशास्त्रज्ञांनी पाहावे. त्या झांक्यांत पुराणातले प्रसंग उभे करणारे पुतळे यंत्राने हलतात, धनुष्य उचलतात, मान वळवतात, आणि त्या प्रत्येकाला अंगरखा, शेला, धोतर चढवावे लागते. हलणाऱ्या पुतळ्याचा अंगरखा शिवताना काखेतली माया कमी पडली, तर रामाचा हात पहिल्याच चौकात वर जातो आणि शिवण तिथेच तडकते. लाकडाच्या देहालाही हालचालीपुरती माया लागते. मग जिवंत देहांची काय कथा!

जिवंत देहांत सर्वांत लहान देहापासून सुरुवात करू. आपल्याकडे बाळंतविडा करायची रीत आहे: अंगडे, टोपडे, झबले, दुपटे, लंगोट आणि वर कुंची. इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात, जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथे लेकीला सातवा महिना लागला की कपाटातून जुनी माहेश्वरी बाहेर येते. माहेश्वरीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे तिला चमक आहे आणि तरी ती अंगाला टोचत नाही. शिवाय तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलटे-सुलटे असे काही नाही. महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांवरची लाट, चटई, वीट या नक्षीकामाच्या रेषा विणकरांनी त्या काठात उतरवल्या, असे तिथे सांगतात. अशा साडीच्या काठाची कुंची होते. कुंचीला माप असे नसतेच फारसे: कपाळावरून मागे जाणारा एक पट्टा, मानेवर चुण्या, पाठीवर मोकळा सोडलेला पडदा, हनुवटीखाली दोन बंद. जन्माला न आलेल्या जिवाचे डोके कुणी मोजले आहे? म्हणून कुंची सारी मायेचीच असते. ती बाळ पहिल्या महिन्यातही घालते आणि वर्षाचे झाल्यावरही, फक्त बंदांची गाठ पुढे सरकते.

झबल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे मायेचा दुसरा पदर उलगडतो. झबले नव्या कापडाचे करत नाहीत, आजोबांच्या धोतराचे किंवा आजीच्या नऊवारीचे करतात, कारण नव्या कापडात खळ असते आणि शंभर वेळा धुतलेल्या धोतरात ती उरलेली नसते. त्यातही जाणत्या आज्या आणखी एक करतात: तान्ह्याला झबले उलटे घालतात. शिवण बाहेर, माया बाहेर, दोऱ्यांची टोके बाहेर, आणि गुळगुळीत बाजू बाळाच्या कातडीला. पाहुणे म्हणतात, अहो, उलटे घातलेत. आजी म्हणते, असू द्या. वस्त्राची शोभेची बाजू जगाला आणि खरखरीत बाजू आपल्या अंगाला, असा आपणा सर्वांचा रिवाज असतो. तान्ह्यासाठी तो फिरवला जातो, माया जगापुढे उघडी पडते, ओबडधोबड दिसते, आणि कुणालाही तिची लाज वाटत नाही.

आता बैलाकडे वळू. श्रावणातली वद्य चतुर्दशी इंदूरला विशेष आहे, कारण १३ ऑगस्ट १७९५ रोजी, शके १७१७च्या त्याच तिथीला, देवी अहिल्याबाईंनी महेश्वरी देह ठेवला, आणि त्या तिथीच्या आसपास इथे अहिल्योत्सवाची पालखी निघते. दुसऱ्या दिवशी पिठोरी अमावास्या, म्हणजे पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते; जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि सकाळी त्याच्या अंगावर घरी शिवलेली झूल येते. आता शहरात बैल कुठे, म्हणून पाटावर मातीची जोडी मांडली जाते आणि तिलाही कुणी बोटभर झूल शिवते. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तिथे लाकडी बैल आणि ते ओढणारी मुले दोघेही नटतात. पण खरी झूल माळव्या-निमाडच्या खेड्यांत पाहावी. जुन्या साड्यांचे दोन पदर, मध्ये कधी फाटके पांघरूण, भोवती लाल गोट, चार कोपऱ्यांना गोंडे, जमल्यास आरशाचे तुकडे. आणि झूल शिवणाऱ्याची खरी परीक्षा वशिंडापाशी. बैलाची पाठ सपाट नसते, मानेमागे वशिंड उभे असते, आणि तिथे कापड ताणून बसवले तर बैल दोन पावलांत झूल सरकवून टाकतो. म्हणून वशिंडाभोवती कापड सैल राखतात, काही जण तिथे चुण्या घालतात. पोटाखालचा बंदही असाच. सकाळी उपाशी बैलाला बांधलेला बंद दुपारी पुरणपोळी खाल्लेल्या बैलाला काचतो, हे ज्याला आठवते तो बांधताना बंदाखाली तळहात सरकतो का ते पाहून घेतो. बैलाने कुठे आरसा पाहिला आहे? त्याला झुलीचा रंग ठाऊक नाही, गोंडे ठाऊक नाहीत. झुलीतले जे काही त्याच्यापर्यंत पोचते ते एवढेच, की ती काचते किंवा काचत नाही. म्हणजे शोभा आपल्यासाठी असते आणि त्या मुक्या जिवाच्या वाट्याला फक्त माया येते.

हाच विचार घरातल्या कुत्र्यापर्यंत न्यावा, कारण आता झूल शिवणारे हात कुत्र्याचा अंगरखा शिवू लागले आहेत. इंदूरची पौषातली रात्र कडक असते, पारा दहाच्या खाली उतरतो, आणि आखूड केसांचे, म्हातारे किंवा आजारी कुत्रे खरोखर कुडकुडते; त्याला जुन्या स्वेटरचे अंगडे करणे ही सेवाच आहे. अंगड्याला मापे तीन: मानेचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. मुधोळसारख्या कुत्र्याची छाती खोल आणि पोट आत गेलेले, तर लॅब्रेडोर सगळीकडून भरलेला. एकाचे अंगडे दुसऱ्याला चालत नाही. छातीच्या मापात दोन बोटे माया धरावी, पुढच्या पायांची भोके अंमळ पुढे आणि मोठी कापावी, नाहीतर चालताना काख सोलवटते. पोटाकडची बाजू आखूड ठेवावी, विशेषतः नराची. कान झाकू नयेत, गळ्याशी बटण लावू नये, चावून गिळले जाते. एवढे केले की माया पुरी झाली असे मात्र नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते उष्णता बाहेर टाकते, म्हणून चैत्र-वैशाखात त्याच्या अंगावर काहीही चढवणे हा त्याच्यावर जुलूम आहे. आणि अलीकडे वाढदिवसाला कुत्र्याला शेरवानी, लग्नात कुत्रीला घागरा, असा जो प्रकार चालतो त्यात तर हिशेब उलटा होतो: माप फोटोचे घेतलेले असते. कपडा चढवताच कुत्रे पुतळ्यासारखे थिजून उभे राहते, शेपूट आत घेते, ओठ चाटते, जांभया देते. घरची मंडळी म्हणतात, बघा कसा ऐटीत उभा आहे! ते ऐटीत नसते, अवघडलेले असते. त्या क्षणी ते अंगडे काढून ठेवण्याची तयारी हीसुद्धा मायाच, आणि शिवण्यापेक्षा ती कठीण, कारण चार संध्याकाळी खपून केलेली वस्तू घडी घालून ठेवायची असते.

कुत्र्याचा विषय इंदुरात काढला की खंडोबाचे नाव घ्यावेच लागते. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा; राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे; आणि मल्हारीच्या पायाशी कुत्रा आहे. त्या देवाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो, म्हणजे मालकाच्या दाराशी बसणारा कुत्राच, आणि गळ्यात भंडाऱ्याची पिशवी अडकवून, हाती कोटंबा घेऊन तो वेष अंगावर वागवतो. आपण माणसाचा वेष कुत्र्याला घालतो. वाघ्याने कुत्र्याचा वेष आपल्याला घातला. दोन्हीकडे शिवण आहे, पण एका शिवणीत प्राण्याला आपल्या मापात बसवण्याची हौस असू शकते आणि दुसरीत स्वतःला प्राण्याच्या मापाएवढे करण्याची नम्रता आहे. ज्याला घरच्या कुत्र्यासाठी खरोखर चांगले अंगडे शिवायचे आहे त्याने थोडा वेळ वाघ्या व्हावे, जमिनीवर बसून त्याच्या उंचीवरून जग पाहावे, मग पायांची भोके कुठे कापायची ते आपोआप समजते.

वेषाचा विषय निघालाच आहे तर सणासुदीला मुलांना घालायच्या वेषांकडेही पाहू. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला बाळाला काळे झबले आणि त्यावर हलव्याचे दागिने, जन्माष्टमीला कृष्णाचा पीतांबर, आणि अहिल्योत्सवाला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला अहिल्याबाईंचा वेष. एक दिवसाचा वेष आहे, त्यात माया कशाला, असे वाटेल. पण आठ वर्षांच्या मुलीला अहिल्याबाई करायचे म्हणजे काय करावे लागते ते पाहा. पांढरे लुगडे हवे, डोक्यावरून पदर हवा, तळहातावर शिवलिंग हवे. आणि नऊवारी तर आठ वर्षांच्या अंगाला तिप्पट मोठी. अडाणी हात साडी कापून टाकतो. जाणता हात कापत नाही. तो आईच्या पांढऱ्या साडीच्या निऱ्या मुलीच्या कमरेवर बसवतो, उरलेले कापड आतल्या आत दुमडतो, आणि सगळे कच्च्या टाक्यांनी, म्हणजे लांब लांब धावदोऱ्याने, टाचून ठेवतो. कासोट्याला एक, कमरेला दोन पट्ट्या, डोक्यावरच्या पदराला केसांत अडकवायचा चाप. पालखी संपली, मुलगी घरी आली, की दोऱ्याचे एक टोक धरून ओढायचे, टाके सरसर निघतात आणि साडी पुन्हा अखंड होते. मुलगी जिला दिवसभर अंगावर वागवत होती ती सबंध साडीच माया होती. दिसत होते तेवढेच वस्त्र, आणि त्याच्या आत तीन मुलींना पुरेल इतके दुमडलेले. अहिल्याबाईंचे चरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना यात वेगळे काही दिसेल: इतक्या मोठ्या दौलतीची धनीण, आणि अंगावर पांढरे सुती लुगडे. काशी-सोमनाथापर्यंतच्या देवळांवर, घाटांवर, विहिरींवर जे खर्ची पडले ते सारे त्या साध्या लुगड्याच्या आत दुमडलेले होते.

आणि शेवटी देवाचे वस्त्र, जिथे माझ्या मते मायेचे सर्वांत गूढ रूप आहे. राजवाड्याजवळच्या गोपाळ मंदिराच्या, म्हणजे १८३२मध्ये कृष्णाबाई होळकरांनी बांधवलेल्या देवळाच्या, आसपासच्या बाजारात लड्डूगोपाळाचे पोशाख नंबरावर मिळतात: शून्य नंबर, एक नंबर, दोन नंबर. आपल्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण मात्र कोणत्याच नंबरात बसत नाही. एक गुडघा टेकलेला, एक हात जमिनीवर, दुसऱ्या उचललेल्या हातात लोणी, आणि पितळेचा हात वाकत नाही, त्यामुळे बाहीत घालता येत नाही. म्हणून घरी त्याचे अंगडे पाठीवर उघडे शिवतात आणि मागे दोन बंद बांधतात, माप दोऱ्याने घेतात. आता विचार करा: हा देव वाढत नाही, धावत नाही, जेवून त्याचे पोट फुगत नाही, बाळाला वाढीसाठी, बैलाला श्वासासाठी, कुत्र्याला चालण्यासाठी माया हवी होती, याला कशासाठी? तरी शिवणाऱ्या बाई बोटभर अंगड्यालाही पाव इंच माया सोडतातच, आणि विचारले तर म्हणतात, जरीचे कापड आहे, माया नाही सोडली तर दोरे सुटतात. हे उत्तर वरवर कापडाचे आहे, पण मला त्यात सारे शास्त्र दिसते. कात्री लागली की कापडाची कड सुटू लागते, एक-एक दोरा निसटतो. टाक्याला धरायला कडेच्या आत काही शिल्लक असावेच लागते. म्हणजे माया केवळ घालणाऱ्यासाठी नव्हतीच. ती शिवण टिकावी म्हणूनही होती. घालणारा पूर्णकाम असो, त्याला कशाचीच अपेक्षा नसो, शिवणारा तर अपूर्ण आहे ना. देव आणि भक्त ज्या टिपेने जोडले जातात त्या टिपेला धरायला काहीतरी भक्ताच्या बाजूने द्यावेच लागते.

वेदान्ती इथे हटकणार, की बाबा रे, माया ही तर टाकून देण्याची गोष्ट. त्यांचा मान राखून एवढेच म्हणावेसे वाटते की शिंप्याने ती कधीच बाहेर लोंबत ठेवली नव्हती. बाहेर लोंबणारी माया हा गबाळेपणा, कापून टाकलेली माया ही चार धुण्यांत उसवणारी शिवण. आत वळवून दाबलेली माया हा वस्त्राचा आधार. नामदेवराय शिंप्यांच्या कुळातले होते, आणि त्यांनी गज-कात्री-सुईदोरा हीच नामस्मरणाची साधने करून दाखवली, पंजाबपर्यंत नेली. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. कात्री रोज ज्याच्या हातात आहे त्याला माया कुठे राखावी आणि कुठे छाटावी हे शिकवायला फार मोठा ग्रंथ लागत नाही. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहालाच वस्त्र म्हटले आहे, हे आपण सारे जाणतो. ते खरे मानले तर त्या वस्त्राच्या शिवणीही उलटून पाहिल्या पाहिजेत. गर्भारपणी पोटाची कातडी नऊ महिने उलगडत जाते आणि नंतर पुन्हा आवरते. कोपरावर, गुडघ्यावर चामडी सैल दिलेली आहे, नाहीतर हात-पाय वाकले नसते. आणि तान्ह्या बाळाच्या माथ्यावर तर हाडांच्या मधली एक मऊ जागा त्या शिंप्याने न शिवताच सोडलेली असते, तिला आपण टाळू म्हणतो, तीवर आजी तेल भरते. जन्माच्या वेळी डोके अरुंद वाटेने यावे आणि पुढे आतला मेंदू वाढायला जागा असावी म्हणून ती सोडलेली असते, आणि साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती भरून येते. माप घेणाऱ्याने वाढ गृहीत धरून जागा राखली होती, हे त्याहून स्पष्ट कुठे लिहिले आहे?

त्या टाळूवर जे टोपडे जाते त्याबद्दल तेवढे सांगतो आणि थांबतो, कारण मायेबाबत एक बारकावा तिथेच कळतो, सरळ शिवणीत कळत नाही. टोपड्याचा माथा गोल असतो. गोल शिवणीतली माया उलटून आत दाबायला गेले की ती आखडते, आत गुठळ्या होतात, वरून टोपडे चुणते आणि त्या गुठळ्या नेमक्या टाळूवर टोचतात. नवशिकी बाई घाबरून ती मायाच काढून टाकते. मग टोपडे दुसऱ्या धुण्याला उसवते. जाणती बाई माया तशीच ठेवते आणि तिला कात्रीच्या टोकाने जवळजवळ चिरा देते, बोटाच्या पेराएवढ्या अंतराने एक. चिरा दिल्या की तीच माया पाकळ्यांसारखी उघडते आणि गोलाईवर निमूट बसते. चीर टिपेला लागली तर शिवण गेली, आणि टिपेपासून फार लांब थांबली तर गुठळी तशीच राहिली. टिपेच्या अलीकडे एक दोरा कापड शिल्लक असताना कात्री थांबवायची, चष्मा लावून, उजेडाकडे तोंड करून.